जोंधळ्याच्या राखणीचं विमान

मी विमान केलं ते पाखरं हाकायला. हौस म्हणून नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात अजून काही लोक म्हणतात की बायको गेली आणि म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. डोकं जागेवर होतं. विहिरीखालच्या पट्टीत जोंधळा उभा होता आणि त्याला राखायला माणूस नव्हतं. गोष्ट एवढीच होती.

जोंधळा बायकोचा. रान माझं, पण त्या बियाण्यात माझा हात नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईनं फडक्यात बांधून दिलेला. दगडी जोंधळा म्हणतात त्याला, जुना वाण आहे. सोसायटीत दरसाल नव्या वाणाच्या पिशव्या यायच्या, वर हिरवंगार चित्र. मी आणायचो. ती म्हणायची, "ते तुमच्या रानात पेरा. ही पट्टी माझी हाय." खळ्यावर ती बाजूला बसून कणसं निवडायची, वेगळी बडवायची, राखेत घोळून ठेवायची. त्या वेळी मी बैलांच्या मागं असायचो. काय बघून निवडते हे मी कधी विचारलं नाही. एकदा म्हणालो, "भाकर ती भाकर. त्यात तुझी अन् सोसायटीची काय?" तर म्हणाली, "मंग कावून दोन जास्तीच्या खाता?" 

लागोपाठ दोन सालं पाऊस गेला. पहिल्या साली पट्टी पोटरीतच, कणीस बाहेर पडायच्या आधी वाळली. राखून ठेवलेल्या बियाण्यातलं बरंचसं सोंडे किड्यांनी पोखरलं. दुसऱ्या साली सगळा पावसाळा कोरडा गेला आणि शेवटी हत्ती नक्षत्रात एक पाऊस पडला. एकच, पण चांगला. मी तिफण धरली, तिनं चाड्यावर मूठ धरली. शेवटच्या तासाला, म्हणजे पेरणीच्या शेवटच्या ओळीला, मी म्हणालो, "मूठभर ठेव की मागं." ती म्हणाली, "मागं ठेवून सोंड्यालाच घालायचं न्हवं? जाऊ द्या रानात." सगळं बियाणं रानात गेलं. घरात एक दाणा राहिला नाही.

कार्तिकात ती गेली. टँकरचं पाणी भरून आली, हंडा उतरवला, भिंतीला टेकून बसली. मी बाहेरून चहा टाक म्हणालो. उत्तर आलं नाही. आत जाऊन बघितलं तर डोळे उघडे होते. डॉक्टर म्हणाला हृदय. म्हणाला असेल, त्याला माहीत.

आम्ही दोघं उसतोडीला जायचो, जवान असल्यापासून. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. म्हणजे तोडणारा एक, मोळ्या बांधणारी एक, आणि मुकादम दोघांना मिळून एक मोजतो. त्या हंगामात आमच्या भागातला सहकारी कारखाना पेटलाच नाही. ऊसच नव्हता, गाळणार काय? टोळ्या लांब गेल्या, कर्नाटकाकडं. मुकादम दाराशी आला, दुखवट्याचे चार शब्द बोलला आणि म्हणाला, "दोघं असता तर नेलं असतं. अर्ध्या कोयत्याला कुठं बसवू?" मला त्याचा राग आला नाही. ज्याला बायको नाही त्याला मीही टोळीत घेऊ दिलं नसतं. मोळ्या कोण बांधणार त्याच्या?

तर गाव रिकामं झालं. ज्याच्या हातात बळ होतं तो ऊस तोडायला गेला. माझी चुलत भावजय तेवढी शेजारी राहिली. तिचा नवरा, म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, त्याचे आणि माझे बैल घेऊन चारा छावणीत मुक्कामाला होता. वैनी माझ्यापेक्षा मोठी. पाठीत वाकलेली, पण तोंड सरळ.

तेराव्यानंतर पोरगा मला पुण्याकडं घेऊन गेला. तो तिथं कंपनीत आहे. म्हणाला, इथंच राहा. त्याच्या घरामागं मोठं मैदान होतं. रविवारी तिथं चांगली पोट सुटलेली माणसं खेळण्यातली विमानं उडवत होती. हातात डबा, डब्याला दोन कांड्या. कांडी हलवली की वर विमान वळायचं. सगळे वर बघत होते, मी खाली बघत होतो. मैदानाच्या कडेला साळुंक्या आणि पारवे चरत होते. विमान वर गेल्याबरोबर सगळी पाखरं उठली आणि विमान उडत होतं तोवर खाली बसली नाहीत.

घरी आल्यावर मी पोराला म्हणालो, "मला त्यातलं एक पायजे."

"कावून दादा?"

"भोरड्या हाकायला."

तो हसला. मग माझ्या तोंडाकडं बघून हसायचं थांबला.

भोरडी म्हणजे गुलाबी अंगाची मैना. ती एकटीदुकटी येत नाही, ढग येतो. जोंधळ्याचं कणीस चिकात आलं, दाण्यात दूध भरलं, की येते. एरवी शिवारभर जोंधळा असतो, पाखरं वाटली जातात. त्या साली आसपास हिरवं म्हणून आमची ती एक पट्टी होती. राखण आजवर बायको करायची. रानातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, उभी राहून गोफण फिरवायची, दगड असा जायचा की आवाजानंच पाखरू उठावं. मला ते जमत नाही. मोळ्या वाहून माझा उजवा खांदा गेला आहे, हात डोक्याच्या वर जात नाही. बुजगावण्याला भोरडी दोन दिवस भिते, तिसऱ्या दिवशी त्याच्याच डोक्यावर बसते.

हे सगळं मी पोराला सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "पट्टी गेली तर तुझ्या आईचं बियाणं गेलं. दुसरीकडं कुठं न्हाई ते."

त्यानं एका मित्राला फोन लावला. मग म्हणाला, "तयार इमान लई नाजूक असतंय. मोडलं तर तुमाला दुरुस्त न्हाई यायचं. माझ्या मित्राकडं एक जुळवायचा संच पडलाय. स्वतः जुळवलं की कुठं काय हाय ते कळतंय. पण जमंल का?"

"बैलगाडी जुळवली हाय मी. साटा, आख, जू, समदं."

"गाडी येगळी, दादा."

"लाकूडच हाय न्हवं?"

लाकूडच होतं, पण असं लाकूड मी बघितलं नव्हतं. खोकं घेऊन गावाला आलो, वसरीत घोंगडी अंथरून सगळं मांडलं. पातळ पातळ फळ्या, हातात घेतल्या तर घेतल्यासारखं वाटत नव्हतं. जोंधळ्याच्या धाटातला भेंड असतो ना, ज्याच्या आम्ही लहानपणी गाड्या करायचो, अगदी तसं. नखानं दाबलं तर खड्डा पडायचा. एक मोटार, तिला लावायची फिरकी, बॅटरी, काडेपेटीएवढ्या छोट्या मोटारी ज्या शेपटाच्या पट्ट्या हलवतात, तीन चाकं, आणि कांड्यांचा डबा. सोबत पुस्तक होतं, इंग्रजी. मी चौथीपर्यंत गेलो आहे, मराठी वाचतो तेही बोट ठेवून. पण चित्रं भरपूर होती. चित्राला भाषा लागत नाही असं मला तेव्हा वाटलं होतं.

अंग जुळवायला आठवडा गेला असेल. पंखाच्या फासळ्या एकामागं एक उभ्या करायच्या आणि गोंदाचा थेंब सोडायचा. तो गोंद झटक्यात धरतो. पहिल्याच दिवशी माझा अंगठा आणि फासळी एक झाली. वैनी ताक घेऊन आली होती. बघून म्हणाली, "भावजी, लाकडाशी लगीन लावलं का काय?"

"गोंद हाय, वैनी. सुटंना."

"ओढा की."

"ओढलं तर फासळी मोडंल."

"अन् अंगठा?"

"अंगठा येतोय पुन्हा."

तिनं गोडं तेल आणून चोळलं. अंगठा सुटला, थोडी कातडी फासळीवरच राहिली. तशीच लावली ती.

वरून एक रंगीत कागद बसवायचा होता, प्लास्टिकसारखा, लाल आणि पिवळा. गरम इस्त्री फिरवली की तो आवळून ताणला जातो. इस्त्री घरात कधी नव्हती. पोरगा शाळेत असताना त्याची आई तांब्यात निखारे भरून त्याच्या सदऱ्यावर फिरवायची. मी तेच केलं. तांब्याची कड तेवढी जरा सांभाळायला लागली. कागद असा ताणला गेला की टिचकी मारली तर डफासारखा वाजायचा. दोन ठिकाणी भोकं पडली, त्यावर ठिगळं लावली.

आता वजनाचं सांगतो, कारण चूक तिथं झाली.

बॅटरी ही त्यातली सगळ्यात जड वस्तू. ती पोटात पुढं-मागं सरकवता येते. कुठं बसवायची ते आपण ठरवायचं. पोरगा फोनवर म्हणाला होता, "दादा, पुस्तकात पंखाच्या खाली बाण दाखवलाय. तिथं दोन बोटांवर उचलून तोल बघा." मी हो म्हणालो. पण जन्मभर टायरगाड्या भरलेल्या माणसाला तोल कुणी शिकवायचा? गाडीत ऊस मागं जास्त झाला की जू वर उचलतं, बैलाचा गळा आवळतो. त्याला उलाळ गाडी म्हणतात. पुढं जास्त झाला की सगळा भार बैलाच्या मानेवर, ती धुरजड. चांगला गाडीवान चाकाच्या आखावर ओझं तोलतो आणि धुरेवर अगदी थोडं ठेवतो, मान नुसती दबेल इतकं. विमानाला चाकं होती, आख होता. मी आखावर तोललं. बॅटरी मागं मागं सरकवत नेली, दोन मोठ्या चाकांवर विमान उभं राहील आणि पुढचं चाक जमिनीला नुसतं टेकेल अशी. बघून मला समाधान वाटलं. पंखाखालचा बाण, मी म्हणालो, पंख कुठं बसवायचा ते दाखवायला असेल.

उडवायला सपाट जागा पाहिजे होती. आमच्याकडं सगळं ढेकळ आणि धोंडा. मला कारखान्याचं यार्ड आठवलं, जिथं उसाच्या गाड्या वजनकाट्यावर जायची वाट बघत रांगेत उभ्या राहतात. डांबरी आहे. दूध संघाचा टेम्पो सकाळी तिकडं जातो, त्या साली त्यात कॅनांपेक्षा मोकळी जागाच जास्त असायची. विमान तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसलो.

गेटावर राखणदार होता, ओळखीचा. तोही पूर्वी गाडीवानच, पाय मोडल्यावर कारखान्यानं गेटावर ठेवलेला. मांडीवरचं गाठोडं बघून म्हणाला, "काय बे, कुणाचं मढं घेऊन आलास?"

म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

"मढं न्हाई," मी म्हणालो. "इमान हाय."

"इमान? कावून?"

"उडवायला. दुसरं काय करत्यात इमानाचं?"

त्यानं आत घेतलं. हंगामात त्या यार्डात पाय ठेवायला जागा नसते. बैल, शेण, पाचट, मळीचा वास, भोंग्यावर गाड्यांचे नंबर. आम्ही दोघांनी तिथं गाडीखाली झोपून कितीतरी सकाळी काढल्या आहेत. त्या दिवशी डांबराच्या भेगांतलं गवतसुद्धा वाळलेलं होतं. कावळा नव्हता. विमानाला याहून चांगली जागा सापडली नसती.

बॅटरी जोडली. फिरकी सुरू झाली. कांडी पुढं केली तर विमान सरळ पळालं, अगदी नीट पळालं. मग जमीन सुटली. आणि सुटल्याबरोबर तोंड वर व्हायला लागलं. मी कांडी पुढं दाबली, पार टोकापर्यंत दाबली, तरी तोंड वरच. बैल सुटलेली उलाळ गाडी जशी जू आभाळाकडं करून उभी राहते तसं ते उभं राहिलं, क्षणभर थांबलं, आणि शेपटीवर खाली आलं.

"उलाळली बे गाडी!" राखणदार ओरडला आणि मांडीवर थापा मारत हसायला लागला.

"गप बस. आखावर तोललीय मी."

"दिसलं की!"

मी जवळ गेलो. विमान उताणं पडलं होतं. शेपूट मोडलेलं, चाकं वर, आणि ती वाऱ्यानं गरगर फिरत होती. मी तिथं उकिडवा बसून त्या चाकांकडं बघत राहिलो. राखणदाराला वाटलं मला वाईट वाटलं. तो पाणी घेऊन आला. मला वाईट वाटलं नव्हतं. मला कळलं होतं. जमीन सुटल्यावर चाकावर काही नसतं. ओझं पंखावर असतं. आख म्हणायचा तर तो पंखाखाली, जिथं तो बाण होता तिथं.

संध्याकाळी पोराला फोन केला. "बाणाचं खरं होतं."

"मी तवाच म्हणलो होतो, दादा."

"म्हणला होतास. शेपूट मोडलंय."

"दुसरं धाडू?"

"कवा धाडतोस अन् कवा येतंय? कणीस भरत आलंय."

शेपूट मी जोंधळ्याच्या धाटाचं केलं. मागच्या सालचा जो काही वाळका कडबा होता त्यातलं जाड धाट निवडलं, साल सोलून खपाट्या काढल्या, भेंडाला खपाट्यांनी जखडलं. मूळच्यापेक्षा किंचित जड झालं. मग बॅटरी पुढं सरकवली आणि या वेळी बाणाच्या जागी दोन बोटं ठेवून उचललं. तोंड जरा खाली झुकलं. तसंच ठेवलं.

दुसऱ्या खेपेला ते उडालं. खरंच उडालं. राखणदार वर बघत तोंड उघडं टाकून उभा राहिला. पण उडण्यापेक्षा वळण अवघड. विमान आपल्यापासून लांब जात असलं की कांडी उजवीकडं म्हणजे उजवं वळण. आपल्याकडं तोंड करून येत असलं की सगळं उलटं. कासऱ्याची सवय असलेल्या हाताला हे कळेना, उजवा कासरा ओढला की बैल कुठंही असो उजवीकडंच वळतो. दोनदा विमान काट्याच्या खोलीवर आपटता आपटता राहिलं. राखणदार खोलीमागं लपला आणि तिथून शिव्या द्यायला लागला. उतरवून मी पुन्हा पोराला फोन लावला. तो म्हणाला, "समोरून येताना ज्या अंगाला कलतंय त्या अंगाला कांडी ढकला. बाकी इचार करू नका."

हे मला पटलं. भरलेली गाडी ज्या अंगाला कलते त्याच अंगाला खांदा लावायचा असतो. दुसऱ्या बाजूनं ओढून गाडी सावरत नाही. मग जमत गेलं.

त्या दिवशी टेम्पोतून उतरलो तर वैनी पट्टीच्या बांधावर उभी. हातात पितळी आणि पळी. आवाज बसलेला.

"आल्या," म्हणाली.

वरच्या अंगाची कणसं अर्धी मोकळी झाली होती. खाली दाण्यांचं पीठ सांडल्यासारखं दिसत होतं. पाखरं समोरच्या बाभळींवर बसून होती. बाभळीचा पाला दिसत नव्हता, नुसती पाखरं. आणि कालवा असा की वैनीला मोठ्यानं बोलायला लागत होतं.

"सकाळधरनं बडवतीय. उठत्यात अन् पलीकडं बसत्यात. म्हातारीला कोण भितंय?"

रानात विमान पळवायला जागा नव्हती. हातातून फेकायला लागणार होतं, आणि माझा हात वर जात नाही हे सांगितलंच आहे. मी वैनीकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघता?"

"फेका."

"मी?"

"सरळ फेकायचं. वर न्हाई, खाली न्हाई. वाऱ्याच्या तोंडावर."

"मोडलं तर?"

"मोडलं तर पितळी हाईच."

तिनं पदर खोचला, दोन पावलं धावली आणि फेकलं. त्या वाकलेल्या पाठीतून एवढा जोर कुठून आला कुणास ठाऊक. विमान कणसांना घासून गेलं, मला वाटलं गेलं आता, पण उचललं. मी बाभळींवरून एक घेर घेतला.

पाखरं उठली. सगळी एकदम. घोंगडी झटकावी तशी. आवाज थांबला आणि नुसता पंखांचा वारा आला. ढग वळला, पुन्हा वळला, आणि डोंगराकडं गेला. वैनी खाली बसली आणि म्हणाली, "अगं बया." बराच वेळ तेवढंच म्हणत होती.

लोकांना ही गोष्ट इथपर्यंत आवडते. पुढचं मी सांगायला लागलो की उठून जातात. पण पुढचं आहे.

भोरड्या दुसऱ्या सकाळी आल्या. आम्ही फेकलं, त्या गेल्या. दुपारी आल्या. बॅटरी तर एक चिलीम ओढून होईपर्यंत चालते, मग ती उतरते, घरी नेऊन लावायला लागते, आणि लाईट असेल तर भरते. लाईट नसायची. पोरानं आणखी दोन बॅटऱ्या धाडल्या, तरी पुरेना. पाखराला अक्कल नसते म्हणणाऱ्यानं भोरडी बघावी. चार-पाच दिवसांत त्यांना कळलं की हे वरून फिरतं, पण धरत नाही. मग त्या विमान वर असताना लांबच्या कडेला उतरायच्या. मी तिकडं वळवलं की अलीकडं. मी पट्टीभर विमान फिरवत होतो आणि पट्टी रोज दाण्यानं थोडी पांढरी व्हायच्या जागी रिकाम्या कणसांनी काळी पडत होती.

एका दुपारी वैनी बांधावर बसली आणि म्हणाली, "भावजी, पुरं करा. जायचं ते जातंय. जोंधळा सोसायटीत मिळतोय."

"हा न्हाई मिळत."

"मंग काय करायचं?"

मी पट्टीकडं बघत होतो. खळ्यावर बायको काय बघून निवडायची ते मला माहीत नव्हतं, पण कणसं आणायची कुठून ते माहीत होतं. मधून. कडेच्या तासांतलं बियाण्याला ती कधी घ्यायची नाही. म्हणायची, कडेला शेजारच्या रानातला वारा लागतो, त्यात दुसऱ्याची भेसळ होते. मला तेव्हा ते बायकांचं काहीतरी वाटायचं.

"कडा सोडून द्यायच्या," मी वैनीला म्हणालो.

"म्हंजी?"

"खाऊ द्या. चारी अंगाच्या कडा त्यांच्या. आपुन मधलं राखायचं."

"अन् भाकरीचं?"

"भाकरीला इकत आणू."

त्या दिवसापासून मी पट्टीभर फिरवायचं बंद केलं. मधल्या तासांवर लहान घेर धरायचा, अगदी कणसांच्या डोक्यावरून, बस. भोरड्यांना कडेला पोटभर मिळत होतं, त्यांना मध्ये यायची घाई नव्हती. बॅटरी उतरली की वैनी पितळी घेऊन मध्ये उभी राहायची. कडेला पाखरं खात असायची, ती त्यांच्याकडं बघायचीसुद्धा नाही. आपल्या हातानं पीक खाऊ देणं सोपं नाही. मी सवय होईपर्यंत तिकडं पाठ करून उभा राहायचो.

दाणा कडक झाला आणि भोरड्या एक दिवस आल्या नाहीत. त्यानंतर आल्याच नाहीत. त्याच सुमाराला विमानही गेलं. उतरवताना वारा फिरला आणि ते विहिरीत पडलं. विहिरीत पाणी नव्हतं म्हणून वर काढता आलं, पण एक पंख मुळातून गेला आणि मोटार वाकली. पोरगा म्हणतो नवा पंख बसवू. मी नको म्हणालो नाही, हो म्हणालो नाही.

फाल्गुनात काढणी केली. कडेची धाटं कडबा म्हणून छावणीत पाठवली. मधली कणसं खळ्यावर आणली, फार मोठा ढीग नव्हता. मी आणि वैनी त्याच्या दोन्ही बाजूंनी बसलो. आता निवडायचं होतं.

"ती काय बघायची वो?" मी विचारलं.

"मला काय ठाव? मी तर लगीन झाल्यापून सोसायटीचंच पेरतीय. तुमाला म्हाईत न्हाई?"

"न्हाई."

"एवढी सालं एका खळ्यावर बसून?"

 एक कणीस उचललं, हातात तोललं. दुसरं उचललं. जे जड, ज्याचा दाणा गच्च आणि देठ सरळ, ते डाव्या हाताला ठेवत गेलो. वैनी माझ्या हाताकडं बघून तसंच करायला लागली. बरोबर होतं का चूक ते मला अजून माहीत नाही. दिवस मावळायच्या आत झालं. ओल्या फडक्यात थोडे दाणे बांधून ठेवले तर त्यांना कोंब आले, एवढं खरं.

वैनी उठताना म्हणाली, "भावजी, ह्यातलं शेरभर मला द्याल का?"

"तुमी तर सोसायटीचं पेरता."

"पेरते. पण तुमी उद्या पडला तर? का तुमच्या पोराच्या फ्लॅटात पेरायचं हे?"

मी तिला दोन शेर दिला. तिनं ओच्यात घेतला आणि घराकडं चालायला लागली. मग मी पोराला फोन केला आणि म्हणालो, पुढच्या सुट्टीला येशील तेव्हा थोडं तूही घेऊन जा, डब्यात ठेव, पेरलं नाही तरी चालेल. तो म्हणाला, "आईचं हाय का?" मी म्हणालो, हो.